सोळा ढेपा

आंबवड्याचा झुलता पूल त्या सकाळी हलायचा थांबतच नव्हता. भोरहून दोन गाड्या भरून दिपालीच्या सासरची मंडळी आली होती आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवरून टेम्पो भरून माहेरची. लग्नाला सहा वर्षं होऊन गेली, पण ही दोन घरं एका सतरंजीवर बसण्याचा योग आज पहिल्यांदाच येत होता. आणि तो जुळवून आणला होता कोणी, तर पाच वर्षांच्या शार्दूलने. आज त्याची गुळाची तुला होती. देवळासमोर तागडी टांगायची, एका पारड्यात पोराला बसवायचं, दुसऱ्यात त्याच्या वजनाइतका गूळ ठेवायचा आणि मग तो गूळ देवाच्या नावाने गावाला वाटायचा.

नवस दिपालीचा होता, म्हणून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. नवस फिटेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं आणि त्या रिकाम्या पोटीच किलोकिलोच्या सोळा ढेपा दोन खेपांत पुलावरून पायऱ्यांपर्यंत, पायऱ्यांवरून देवळापर्यंत वाहून आणल्या होत्या. तिचा धाकटा भाऊ सिद्धनाथ पिशवी घ्यायला पुढे धावला, तर तिच्या आईने, धोंडाबाईने, त्याला मध्येच अडवलं.

“हात नगं लावूस. नवसाचा गूळ बोललेल्या बाईनंच वाहायचा असतो. तुजा हात लागला तर तुज्या नावानं व्हईल सगळं.”

“माज्या नावानं? आये, आदी माजं लगीन तर करा!”

वाडीच्या बायका खळखळून हसल्या. सिद्धनाथ झाडाच्या फांदीला तागडी टांगायला गेला. लोकर मोजायची त्यांच्या घरची मोठी तागडी होती ती, दोन्ही बाजूंना साखळ्यांनी टांगलेल्या फळ्या, पोरगं मांडी घालून बसेल एवढ्या.

तागडी टांगली जात होती तोवर मंदारच्या अंगात वेगळंच वारं शिरलं होतं. दिपालीचा हा नवरा एरवी कचेरीत मान खाली घालून काम करणारा, घरातल्या वादात तर मान वरच न करणारा. आज मात्र तो देवळाच्या कट्ट्यावर उभा राहून ओरडत होता, “बोला, बोला! शार्दूलचं वजन किती? ज्याचा अंदाज बरोबर, त्याच्या पानात पहिली गुळाची पोळी!”

या खेळात गंमत होती, कारण शार्दूलचं वजन खरोखरच कोणालाही माहीत नव्हतं. तो सातव्या महिन्यात जन्मला तेव्हा दीड किलोचा होता. पुण्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं ते बाळ रोज सकाळी काट्यावर ठेवलं जायचं आणि दिपाली दाराबाहेर उभी राहून नर्सच्या तोंडाकडे बघायची. आज कमी भरलं, आज तेवढंच आहे, आज पुन्हा कमी. त्या काट्याने तिचा जीव नकोसा केला होता. शेवटी एक दिवस वजन वाढल्याचं नर्सने सांगितलं आणि दिपालीने तिथल्या तिथे हात जोडले. देवा, आता याचं वजन तूच बघ. पाच वर्षांचा झाला की तुझ्या दारात तागडीत बसवीन, तोवर दुसऱ्या कुठल्याच काट्यावर चढवणार नाही.

हा शब्द तिने असा पाळला की विचारू नका. अंगणवाडीच्या बाईंना तिने दारातून परत पाठवलं. शाळेत डॉक्टर आले की शार्दूल त्या दिवशी घरी. मंदारने एकदा दोनदा तोंड उघडून पाहिलं, पण त्या काचेच्या पेटीची आठवण निघाली की त्याचाही आवाज बसायचा.

“मी सांगते,” सौदामिनीबाई म्हणाल्या. त्या मंदारच्या आई. “पंधरा. फार तर साडेपंधरा. दिसतो जरा गोबरा, पण ते बाळसं आहे. उंची वाढली की झडून जाईल.”

“पंदरा कुटलं, विहीणबाई!” धोंडाबाई पुढे सरसावली. बकऱ्याच्या पाठीवरून हात फिरवून ती त्याचं वजन सांगायची आणि वाडीवर कोणी तिचा शब्द खाली पडू द्यायचं नाही. “चौदा. माजं लेकरू लई बारीक हाय. मनगाट बगा की त्याचं.”

“मामी, नीट उचलून सांगा ना,” मंदार सासूला म्हणाला. “बकऱ्याचं सांगता तसं.”

“बकऱ्याचं सांगत्ये, कारन ते इकायचं असतं. नातू काय इकायचा हाय?”

लग्नात मानपानावरून एकमेकींशी अबोला धरलेल्या या दोन विहिणी आता गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या आणि सकाळपासून त्यांचं एकच गुफ्तगू चाललं होतं. नवस फिटला की शार्दूलला महिनाभर वाडीवर न्यायचं. शेळीचं दूध, घरचं तूप, वर भाकरीचा काला. पोराच्या अंगाला काही लागलं पाहिजे. दिपालीलाही ते मनातून पटलं होतं.

“मी सोळा म्हणते,” दिपाली म्हणाली. “म्हणून तर सोळा ढेपा आणल्या.”

“श्रावणीताई, तू?” मंदारने बहिणीला विचारलं.

श्रावणी भोरमध्येच दोन गल्ल्या पलीकडे दिलेली, मंदारची थोरली बहीण. ती पोळ्यांच्या डब्याशी खुडबुड करत राहिली. “मला नको विचारूस.”

“असं कसं? सगळ्यांनी सांगायचं.”

“वीसच्या पुढे,” श्रावणी म्हणाली.

दिपालीची कानशिलं तापली. दिवाळीत याच विषयावर दोघींचं वाजलं होतं. शार्दूलला जिना चढताना दम लागतो, त्याला एकदा कुठेतरी दाखव, असं श्रावणी म्हणाली होती. आणि दिपालीने फाडकन सांगितलं होतं, तुमच्या शुभ्राच्या बरगड्या दिसतात, आधी तिला दाखवा. शुभ्रा ही श्रावणीची लेक, शार्दूलहून जेमतेम सहा महिन्यांनी मोठी. तेव्हापासून दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या.

“वीस म्हनं!” धोंडाबाई पुटपुटली. “नजर लावत्यात पोराला.”

“तसंच म्हणायचं,” सौदामिनीबाई पोटच्या लेकीला सोडून विहिणीच्या बाजूने बोलल्या.

तेवढ्यात पुलावर पोरांची धावाधाव सुरू झाली. शुभ्रा सगळ्यांच्या पुढे, वेण्या उडवत, पूल हलवत पलीकडे गेली आणि परतही आली. शार्दूल निम्म्या पुलापर्यंत गेला. तिथे दोरखंडाला धरून उभा राहिला, मग खाली बसला. दिपाली धावत गेली. पोराचा चेहरा लालबुंद झाला होता.

“मम्मी, शुभ्रा थांबतच नाही माझ्यासाठी. मला पण पलीकडे जायचंय.”

“दमलास रे राजा. सकाळपासून पोटात काही नाही, मग पाय कुठून पळणार?”

पोटात काही नाही, हे दिपाली अगदी मनापासून बोलली. उठल्या उठल्या चॉकलेटची पावडर घातलेलं पेलाभर दूध झालं होतं. त्यात बुडवून बिस्किटं झाली होती. गाडीत बसल्यावर केळं, मग पुड्यातल्या कुरकुरीत नळ्या, मग सौदामिनीबाईंनी पर्समधून काढलेली राजगिऱ्याची वडी आणि उतरल्यावर धोंडाबाईने पदराखालून दिलेला तुपातला लाडू. पण दिपालीच्या हिशेबी खाणं म्हणजे पोळीभाजी, आमटीभात. ते त्याने खाल्लं नव्हतं, म्हणजे पोरगं उपाशी होतं. ते खायला घालायचं तर रोज मोबाईल लावून द्यावा लागे आणि एक घास चिऊचा, एक काऊचा करत तास जाई. कपडे तिला आठ वर्षांच्या मापाचे घ्यावे लागत. हल्ली कपडेच तोकडे शिवतात, असं ती दुकानदारालाच ऐकवायची.

तिने पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला आणि पोराच्या हातात दिला.

“ताई, झालं गं! आणा नवरदेवाला!” सिद्धनाथने हाक मारली.

सगळे तागडीभोवती गोळा झाले. पुजाऱ्यांनी गंध लावलं, वाडीच्या बायकांनी ओव्या धरल्या, कोणीतरी हलगी आणली होती ती कडकडायला लागली. शार्दूलला उचलून पारड्यात बसवलं तेव्हा ते पारडं धपकन जमिनीला टेकलं आणि दुसरं टणकन वर गेलं. पोरगं खूश होऊन टाळ्या पिटू लागलं.

दिपालीने पहिली ढेप ठेवली. मग दुसरी. प्रत्येक ढेपेला बायका देवाचं नाव घेत होत्या. दहा झाल्या, बारा झाल्या. चौदावी ठेवली तेव्हा धोंडाबाईने “बास, आता बास!” म्हणून हात वर केला, पण पारडं हललं नाही. पंधरावी ठेवली. सौदामिनीबाई पुढे वाकल्या. दिपालीने सोळावी ढेप कपाळाला लावली, हळूच ठेवली आणि दोन पावलं मागे होऊन उभी राहिली.

गुळाचं पारडं होतं तिथेच, वर. शार्दूल होता तिथेच, खाली. हलगीवाला वाजवायचा थांबला.

“अडकलीय,” दिपाली म्हणाली. “सिध्या, तागडी अडकलीय तुझी. बघ.”

सिद्धनाथने दांडी हलवून पाहिली, साखळ्या पाहिल्या. “न्हाई ताई. मोकळी हाय.”

“मग खोटी असेल. किती जुनी आहे ती!”

“खोटी?” सिद्धनाथचा चेहरा पडला. “ताई, वाडीची लोकर हिच्यावर इकतो आमी. तू बी हिच्यावर बसून झोकं घेतल्यास. खोटी कशी म्हंतीस?”

“मग गूळ कमी भरला असेल. दुकानदाराने फसवलं.”

तेवढ्यात शुभ्रा गर्दीतून पुढे घुसली. सगळा वेळ ती हेवा वाटून बघत होती. “मामी, मला पण बसू दे ना! एकदाच!”

“बसू दे तिला,” मंदार म्हणाला. “तागडी चालते की नाही ते तरी कळेल.”

सिद्धनाथने पारडं दाबून धरलं आणि शार्दूलला उतरवलं. शुभ्राने उडी मारून पारड्यात मांडी ठोकली. सिद्धनाथने हात काढला तसं गुळाचं पारडं खाली आलं, शुभ्राचं जरासं वर उचललं गेलं, दोन्ही एकदा डोलली आणि समोरासमोर उभी राहिली. दांडी सरळ. सोळा ढेपा इकडे, शुभ्रा तिकडे.

“बराब्बर!” वाडीवरची म्हातारी माणसं ओरडली. “पोरीची तुला झाली की!” हशा उसळला, हलगी पुन्हा कडकडली, शुभ्रा वर बसून दोन्ही हात हलवत होती. पोरगी तरतरीत दिसत होती, गाल उन्हाने लाल झालेले, डोळे चमकत होते. जिच्या बरगड्या दिपाली दिवाळीपासून मोजत होती ती हीच. आपल्या मुलाचं म्हणून जे वजन तिने मनात धरलं होतं, ते या पोरीचं होतं.

दिपालीने शार्दूलकडे पाहिलं. तो बाजूला उभा राहून बिस्किटाचा पुडा फोडत होता. शर्टाची खालची दोन बटणं तुटायला आली होती.

“अजून आणा!” चहूकडून गलका सुरू झाला. लोकांच्या उत्साहाला तर ऊतच आला होता. “देव पावला! पोरगं वाढलंय! आणा गूळ, आणा!” मंदार कट्ट्यावरून उतरला होता. सौदामिनीबाई आणि धोंडाबाई एकमेकींकडे बघत होत्या. श्रावणी बोलू शकली असती. वीसच्या पुढे, मी म्हटलं होतं, एवढं म्हणायला तिला काहीच अडचण नव्हती. ती पुढे आली आणि म्हणाली, “चल दिपाली. दुकान वर रस्त्यावर आहे. मी येते बरोबर.”

दुकानदाराकडे किलोच्या ढेपा संपल्या होत्या. दहाची अख्खी ढेप होती, गोणपाटात बांधलेली. दिपालीने ती उचलून कमरेवर घेतली. ती डोंगरातली लेक, लहानपणी पाण्याच्या दोन दोन घागरी घेऊन चढ चढलेली. पण पुलाच्या मध्यावर आली तेव्हा तिची छाती भरून आली आणि तिला थांबावं लागलं. पूल पायाखाली हलत होता.

“मी घेऊ?” श्रावणीने विचारलं.

“चालत नाही.”

“मग जरा खाली ठेव.”

“देवाचा गूळ खाली कसा ठेवू?”

आणि हे बोलता बोलता तिला कळलं. शार्दूल मघाशी इथेच बसला होता, याच फळीवर. तिला हे ओझं पुलाच्या टोकापर्यंत न्यायचं होतं, मग ती मोकळी. त्याला ते खाली ठेवता येत नव्हतं. ते घेऊन तो शाळेचा जिना चढत होता, ते घेऊन शुभ्राच्या मागे पळत होता, आणि तो दमून बसला की ती त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवत होती.

“तो दीड ढेपेएवढा होता हो, ताई,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. “मला अजून तेवढाच दिसतो. काय करू मी? झोपला की मी अजून श्वास बघते त्याचा.”

“माहीत आहे मला.” श्रावणीने तिच्या पाठीवर हात ठेवला. “पेटीबाहेर मी पण होतेच की तुझ्याबरोबर. तेव्हाचा तो जगला, दिपाली. आता याला बघायचंय.”

दिपालीने ढेप दुसऱ्या कमरेवर घेतली. खालून हलगी ऐकू येत होती आणि पोरं ओरडत होती, “मामी आली! गूळ आला!”

शार्दूलला पुन्हा पारड्यात बसवलं आणि तिने ती ढेप समोरच्या पारड्यात ठेवली. दांडी करकरली. गुळाचं पारडं खाली खाली येत गेलं, शार्दूल जमिनीवरून उचलला गेला आणि दांडी सरळ झाली. पोरगं हवेत तरंगायला लागलं तसं आनंदाने किंचाळलं, “मम्मी, मी उडालो! बघ, मी उडालो!” बायकांनी हळद-कुंकू उधळलं, पुजाऱ्यांनी शंख वाजवला, मंदारने पोराला पारड्यातून उचलून खांद्यावर घेतलं आणि मग मान वाकडी करून म्हणाला, “अरे बापरे, जड झाला की माझा वाघ!” तो हसत होता, पण ते वाक्य त्याने बायकोकडे बघून म्हटलं होतं. दिपालीने मान हलवली. ती त्या दिवशी रडली आणि हसली एकाच वेळी, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही. नवस फिटला होता. देवाने वजन बघितलं होतं आणि खरं ते सांगितलं होतं.

पंगत देवळाच्या आवारातच बसली. पैज श्रावणीने जिंकली होती. मंदारने पहिली गुळाची पोळी तिच्या पानात वाढली, तिने ती मधोमध मोडून अर्धी दिपालीच्या पानात टाकली आणि दुसऱ्या कोणाशीतरी बोलायला लागली.

“उद्या शाळेच्या डॉक्टरांना भेटू आपण,” दिपाली मंदारला हळू म्हणाली. “काट्यावर पण चढवू. आता काही हरकत नाही.”

“आणि वाडीचं काय?” सौदामिनीबाईंनी विचारलं. “पाठवायचा ना महिनाभर?”

उत्तर धोंडाबाईने दिलं. ती बराच वेळ पानातला भात नुसता कालवत होती. “यीऊ दे की. तूप न्हाई घालायची म्या त्याला. कोकरांमागं सोडते. कोकरं काय त्याच्यासाटी थांबायची न्हाईत, त्यालाच पळाय लागंल.”

“मीही येते मग,” सौदामिनीबाई म्हणाल्या. “मलाही चालायला सांगितलंय डॉक्टरांनी.”

“या की! तुमालाबी सोडते कोकरांमागं.”

दोघी हसल्या आणि तिकडून सिद्धनाथने ओरडून विचारलं की टेम्पोत पुढची जागा कोणाला.

शार्दूल आईच्या शेजारी मांडी घालून बसला होता. सवयीने त्याने हात पुढे केला. “मोबाईल?”

दिपालीचा हात पर्सकडे गेला आणि परत आला. “आज नको. सगळे बघ कसे आपापल्या हाताने जेवतायत.”

पोरगं थोडं कुरकुरलं. मग समोर बसलेल्या शुभ्राकडे बघून त्याने पोळीचा तुकडा तोडला, दुधात बुडवला, निम्मा अंगावर सांडला. थोडा आमटीभात खाल्ला. बटाट्याची भाजी चाटून पुसून खाल्ली, जिला त्याने आजवर तोंड लावलं नव्हतं. मग ताट पुढे सारून म्हणाला, “झालं. पोट भरलं.”

ताटात भात उरला होता. दिपालीची बोटं त्या भाताकडे केव्हा गेली ते तिलाच कळलं नाही. घास तयार झाला होता, ओठांवर काऊ येऊन बसला होता. दोन्ही आज्या जेवायच्या थांबून तिच्या हाताकडे बघत होत्या.

“नक्की भरलं?” तिने विचारलं.

शार्दूलने शर्ट वर करून पोटावर थापटी मारली. “नक्की.”

“मग जा. हात धू आणि पळ.”

तो उठला आणि पळाला. पुलाच्या तोंडाशी शुभ्रा उभी होती. “हळू पळ, मी थांबते,” तिने ओरडून सांगितलं, आणि खरंच थांबली.

तो घास दिपालीच्या हातात तसाच होता. तिने तो आपल्या तोंडात घातला. आमटी अजून कोमट होती. सकाळपासून उपाशी कोणी असेल तर ती एकटीच होती, आणि तिला सणसणून भूक लागली होती.